मग काढलात कशाला?

‘संस्थापन पूर्ण झाले आहे, माध्यम काढून एंटर दाबा’ अशा अर्थाची सूचना पडद्यावर आली, मी आज्ञाधारकपणे पेन ड्राइव्ह उपसला, एंटर दाबले आणि काळ्या पडद्यावर दुसरी ओळ उमटली : सुरू करण्याजोगे एकही उपकरण सापडले नाही. ज्या डिस्कवर मी त्या पेन ड्राइव्हवरून पाऊण तास लिनक्स (विंडोजसारखीच, संगणक चालवणारी एक प्रणाली) चढवले होते ती लॅपटॉपच्या पोटातच होती. पण लॅपटॉप तिला ओळख दाखवायला तयार नव्हता.

नेमके त्याच वेळी शेजारचे काका दारात उभे राहिले. ते पेन ड्राइव्ह परत न्यायला आले होते, कारण पेन ड्राइव्ह त्यांचा होता. ‘रिकामाच आहे, पण जपून वापरा,’ असे त्यांनी देताना बजावले होते.

“काय झालं?”

“सुरू होत नाही.”

“मघाशी तर चालू दिसत होता.”

“तेव्हा पेन ड्राइव्ह लावलेला होता.”

“मग काढलात कशाला?”

मी आवाज शक्य तितका शांत ठेवून त्यांना समजावले की, पेन ड्राइव्ह ही केवळ शिडी असते, आणि माणूस एकदा गच्चीवर पोहोचला की त्याला शिडीची गरज उरत नाही.

“आणि उतरताना?” काका म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले.

पुढचे दोन तास मी त्यांच्या देखत बायॉसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, शिरण्याची खटपट करत होतो. बायॉसची की एफ टू आहे, एफ ट्वेल्व्ह आहे की डिलीट, हे ज्या त्या यंत्राच्या मर्जीवर असते, आणि कंपनीचे बोधचिन्ह झळकते त्या दोन सेकंदांत ती दाबली नाही तर सगळे पहिल्यापासून करावे लागते. मी बूटचा क्रम, म्हणजे सुरू होताना कोणते उपकरण आधी तपासायचे ते, बदलला, अनोळखी प्रणालींना अडवणारे सिक्युअर बूट बंद केले, लेगसी या सुरू होण्याच्या जुन्या पद्धतीवरून यूईएफआय या नव्या पद्धतीवर गेलो आणि हात हलवत परत आलो. काका प्रत्येक ओळ मोठ्याने वाचत होते आणि प्रत्येक रिस्टार्ट मोजत होते. “ही अकरावी वेळ. आमच्या पुतण्याने माझ्या कॉम्प्युटरला यूएसबी पहिल्या नंबरावर लावून दिलंय, चार वर्षांत असलं काही झालेलं नाही,” हे त्यांनी तीनदा सांगितले. तिसऱ्यांदा मी मान डोलावली नाही.

शेवटी, केवळ त्यांना खोटे पाडण्यासाठी, सगळ्या सेटिंग्ज पूर्ववत करून मी पेन ड्राइव्ह पुन्हा लावला. ग्रबचा, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचा, मेनू आला आणि पाठोपाठ माझे नवेकोरे लिनक्स डौलात उघडले. काका काहीच बोलले नाहीत. त्यांनी फक्त चष्मा काढून पुसला.

लेगसी पद्धतीत डिस्कचा पहिला सेक्टर 512 बाइटचा असतो. त्यातल्या 64 बाइटमध्ये पार्टिशनचा तक्ता, 2 बाइटची खूण आणि उरलेल्या 446 बाइटमध्ये पुढचा रस्ता दाखवणारा प्रोग्रॅम बसतो. तो कोणत्या डिस्कवर टाकायचा, हे संस्थापनाच्या वेळी विचारले जाते. लिनक्स डिस्कना सापडतील त्या क्रमाने एसडीए, एसडीबी अशी नावे देते, आणि त्या दिवशी आधी सापडला होता पेन ड्राइव्ह. मी सवयीने एसडीए निवडले. घर माझे आणि किल्ली काकांच्या पेन ड्राइव्हवर, असा प्रकार झाला. चूक माझी आहे, हे मला मान्य आहे. पण माझा टाइम झोन विचारण्यासाठी जगाचा अख्खा नकाशा पसरणाऱ्या प्रोग्रॅमने हा एवढा जिवावरचा प्रश्न खिडकीच्या तळाशी एका बारीक चौकटीत का विचारावा, हे मला आजतागायत कळलेले नाही. आपल्याच बुटाच्या पट्ट्या धरून स्वतःला वर उचलणे, या इंग्रजी कल्पनेवरून म्हणे कॉम्प्युटर सुरू होण्याच्या क्रियेला ‘बूट’ हे नाव पडले. माझ्या बाबतीत बूट शेजाऱ्यांचा निघाला.

उपाय मात्र सोपा होता. चालू झालेल्या लिनक्समधूनच एक आज्ञा देऊन मी ग्रब आतल्या डिस्कवर बसवले. त्याला अर्धे मिनिट लागले. पेन ड्राइव्ह काढला, लॅपटॉप रिस्टार्ट केला आणि तो निमूटपणे सुरू झाला.

“म्हणजे लावल्यावरच झालं,” असे म्हणून काका पेन ड्राइव्ह खिशात घालून गेले.

आज सकाळी त्यांचा फोन आला. त्यांचा कॉम्प्युटर सुरू होत नव्हता; काळ्या पडद्यावर ‘असे उपकरण नाही’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य, एक लांबलचक क्रमांक आणि त्याखाली ‘ग्रब रेस्क्यू’ असे शब्द आले होते. माझे 446 बाइट माझी डिस्क त्यांच्या घरात शोधत होते.

“काका, पेन ड्राइव्ह लावलेला आहे का?”

“म्हणजे काय! तो काढला की काय होतं, ते परवा तुमच्याकडे पाहिलंय मी.”