ताक प्या, पण औषध सोडू नका

पावसाळा लागला की कोकणातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरू लागतो. सगळ्या त्वचारोगांचं मूळ पोटात असतं, मलमं-गोळ्या बंद करा, रोज रिकाम्या पोटी ताक आणि सोलकढी घ्या. पोटातले चांगले जंतू वाढले की गजकर्ण, इसब, कोड मुळासकट जातं. वर, माशांवर दूध प्यायलात तर कोड फुटेल अशी तंबी. हे वाचून चालू औषध सोडणारी माणसं आहेत, म्हणून एकेका दाव्याला उत्तर देणं भाग आहे.

सगळ्याचं मूळ पोटात? गजकर्ण ही बुरशी आहे आणि ती बाहेरून येते: घरातल्या माणसाकडून, सगळ्यांनी मिळून वापरलेल्या पंचातून, कधी गुराढोरांकडून. भाताच्या लावणीत दिवसभर अंगावर ओले कपडे, दोरीवर चार-चार दिवस न वाळणारी धुणी, घामेजलेल्या जांघा, हे तिला पोसतं. पायाच्या बेचक्यांतल्या चिखल्याही सतत पाण्यात राहून भिजलेल्या कातडीवरच होतात. खरूज तर कातडीत बीळ करणाऱ्या सूक्ष्म किड्याची. घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी औषध लावल्याशिवाय ती हटत नाही. यातलं काहीही ताकाने बरं होत नाही.

मलम बंद करा, या सल्ल्यात मात्र अर्धं सत्य आहे. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या मिश्र मलमात बहुधा स्टेरॉइड असतं. खाज लगेच थांबते, माणूस खूश होतो आणि बुरशी पसरत राहते. चट्ट्याची कड पुसट होते, मग डॉक्टरांनाही ओळखणं अवघड जातं. त्यात टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला दाद न देणारी ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही बुरशी भारतात फैलावली आहे. तेव्हा असलं मलम थांबवावंच, पण त्याच्या जागी त्वचारोगतज्ज्ञांनी दिलेलं बुरशीनाशक हवं, आणि चट्टा दिसेनासा झाला तरी सांगितलेले दिवस पुरे करायला हवेत.

आतड्याचा आणि त्वचेचा संबंध नाहीच, असं मी म्हणत नाही. स्टोक्स आणि पिल्सबरी या अमेरिकी त्वचातज्ज्ञांनी १९३० सालीच तो मांडला होता. डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस या खाजऱ्या फोडांच्या आजारात गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन आयुष्यभर टाळावं लागतं. इसबावर तर भरपूर काम झालं. २००१ साली फिनलंडमध्ये गरोदर माता आणि बाळांना एक ठरावीक लॅक्टोबॅसिलस (पोटाला चांगला मानला जाणारा जिवाणू) दिला, तेव्हा दोन वर्षांच्या वयात इसब असलेल्या मुलांचं प्रमाण ४६ टक्क्यांऐवजी २३ टक्के आढळलं. पुढे जर्मनीत तोच जिवाणू देऊन पाहिला. फरक पडला नाही. आणि झालेलं इसब बरं करण्याबद्दल विचाराल, तर २०१८ साली कोक्रेन या वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या संस्थेने ३९ चाचण्या एकत्र तपासल्या: प्रोबायोटिकने, म्हणजे असे चांगले जिवंत जंतू पोटात घेऊन, रुग्णाच्या त्रासात फारसा फरक पडत नाही. आशा वाटावी असा विषय आहे हा, पण आज त्याच्या भरवशावर उपचार सोडता येत नाहीत.

सोलकढीत तर जिवंत जंतूंचा प्रश्नच नाही. आगळ म्हणजे कोकमाचा रस आणि नारळाचा रस, ती आंबवतच नाहीत. ताकात जिवाणू असतात, पण कढी उकळली की मरतात. आंबोळीच्या पिठातले तव्यावर. चवीसाठी, पोटाच्या सुखासाठी हे सगळं खुशाल खावं.

माशांवर दूध प्यायल्याने कोड होत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच रंगपेशींवर उलटते, तेव्हा ते होतं. ज्या घरात कोड आहे, त्या घरातल्या आईला खाण्यापिण्यावरून बोल लावणं थांबलं पाहिजे.

सगळ्यात मोठी काळजी वेगळ्याच चट्ट्याची आहे. फिकट किंवा लालसर डाग, त्यावर स्पर्श कळत नाही, खाजही नाही. तो कुष्ठरोग असू शकतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याची औषधं फुकट मिळतात, सहा किंवा बारा महिने घ्यावी लागतात आणि रोग पूर्ण बरा होतो. उशीर झाला तर नसा जातात, बोटं वाकतात, आणि गेलेली नस औषधाने परत येईलच असं नाही. असा डाग असलेल्या माणसाला कुणी ताक पिऊन वाट बघायला सांगत असेल, तर त्याला आजच केंद्रात घेऊन जा.