घरीच आहेस ना?

घरून काम करण्याचा पहिला फायदा म्हणजे पुण्याचे घरभाडे वाचते, आणि तो एवढा मोठा वाटतो की तोट्यांकडे लक्ष जायला बराच काळ लागतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा गुहागर तालुक्यातल्या आमच्या कौलारू घरी आलो, तो इथेच राहिलो. सकाळी गरम घावन मिळते, गणपतीच्या आरक्षणासाठी आठाच्या ठोक्याला श्वास रोखून बसावे लागत नाही, आणि २०११ पासून रुंद होत असलेल्या मुंबई-गोवा महामार्गाशी माझा संबंध उरलेला नाही.

अडचण एवढीच की, गावाच्या मते काम म्हणजे घराबाहेर पडून दमून परत येणे. दिवसभर पडवीत बसून, कानात वायरी घालून स्वतःशीच इंग्रजी बोलणारा माणूस पाहून शेजारच्या काकूंनी आईला हलक्या आवाजात विचारले, “नोकरी सुटली काय गो त्याची?” आईने “छे हो, घरूनच असतं” असे अशा काही सुरात सांगितले की काकूंची खात्रीच पटली. तेव्हापासून पोफळीच्या शिंपण्याचा पंप बंद करणे, गॅसच्या सिलिंडरसाठी थांबणे, माडावरची माकडे हाकणे ही सर्व कामे “घरीच आहेस ना?” या एका प्रश्नाने माझ्याकडे आली.

मे महिन्यात तर रातांबे असतात. ते फोडून, सालांना मिठाच्या रसाची पुटे देऊन वाळवण्याचे काम पाऊस पडायच्या आत उरकावे लागते, आणि पाऊस कंपनीच्या वेळापत्रकाची वाट पाहत नाही. ऐन बैठकीत आईने टोपली पुढ्यात ठेवली. मी खुणेने नकार दिला, तर म्हणाली, “नुसतं ऐकायचंच आहे ना तुला? मग हात रिकामेच आहेत.” हा युक्तिवाद खोडता येण्यासारखा नव्हता. पुढे मला बोलायची वेळ आली, कॅमेरा सुरू केला, आणि मनगटापर्यंत लालभडक झालेले माझे हात पाहून वरिष्ठ दचकले. “आमसुलं,” एवढेच मी सांगू शकलो. त्यांना हा काही त्वचारोग वाटला असावा, कारण त्यांनी तत्काळ अर्ध्या दिवसाची रजा दिली, आणि त्या रजेत उरलेली टोपली फोडून झाली.

कार्यालयाची समजूतही गावापेक्षा फार निराळी नाही. तिथल्या लोकांच्या मते मी समुद्रकिनारी पाय पसरून बसलेलो असतो. वास्तविक माझ्या खिडकीतून गोठा दिसतो. समुद्र डोंगरापलीकडे आहे आणि मोबाइलची रेंज खळ्याच्या एका कोपऱ्यात, चिऱ्याच्या गडग्याला टेकून उभे राहिल्यावर मिळते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली-मंडणगडकडे विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली; ते वर्तमानपत्रात वाचल्यापासून आमचे वरिष्ठ मी भर जानेवारीत लाइट गेल्याचे कळवले तरी “पुन्हा वादळ का?” असे काळजीने विचारतात. मी त्यांचा गैरसमज दूर करीत नाही.

आता आठवड्यातून तीन दिवस पुण्यात हजर राहावे, असे फर्मान आले आहे. ते वाचून दाखवताच इतकी वर्षे माझ्या नोकरीवर विश्वास न ठेवणारी आई एकदम गंभीर झाली. “शिंपणं कोण करणार मग?” तिने विचारले. “तुझ्या साहेबांना स्पष्ट कळव, त्याला इथे कामं असतात म्हणावं.”