मार्च आला की चांगले फूटपाथ का उखडतात

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात धडधाकट फूटपाथ उखडायला घेतला की लोक ठेकेदाराला शिव्या घालतात. ठेकेदार काही संत नाही. पण तो फूटपाथ उखडायचं वर्षभर आधीच ठरलेलं असतं, अंदाजपत्रकाच्या जमेच्या बाजूला. त्या पानाकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, आणि डोकं फिरतं ते यामुळे.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही महापालिकेचं अंदाजपत्रक घ्या. आयुक्त आधी आपला अंदाज मांडतात. मुंबईत तो ५ फेब्रुवारीच्या आत मांडावा लागतो. मग स्थायी समिती त्यात भर घालते, नंतर मुख्य सभा. नगरसेवकाला प्रभागात चार कामं दाखवायची असतात, म्हणून खर्च वाढतो. खर्च वाढला की कागद जुळवायला जमाही वाढवावी लागते. मग मिळकतकराची थकबाकी, त्यातली कोर्टात अडकलेली, दुबार आकारणीची, मोबाइल टॉवरच्या वादातली, सगळी जणू यंदाच वसूल होणार असं धरतात. बांधकाम परवानगीचं उत्पन्न फुगवतात. जागा विकून किंवा भाड्याने देऊन येणारे पैसे आत्ताच जमेला लावतात. जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, जुलै २०१७ पासून जीएसटीची भरपाई राज्याकडून येते. ती कायद्याने दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढते, म्हणजे या आकड्यात फुगवायला जागा नाही. सगळी हवा उरलेल्या लेखाशीर्षांत, म्हणजे अंदाजपत्रकातल्या बाकीच्या खात्यांत, भरली जाते.

अंदाजपत्रकात आकड्यांचे तीन रकाने असतात : गेल्या वर्षीची प्रत्यक्ष जमा, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. पहिला आणि तिसरा रकाना शेजारी ठेवून वजाबाकी करा. दोन मिनिटांचं काम आहे. तो फरक कुठून भरून निघणार, हे सभेत कुणीही विचारत नाही. कारण प्रत्येकाचं काम त्याच फुगवट्यावर उभं असतं.

आता याचा फूटपाथशी संबंध काय? एप्रिलपासून लेखा विभागाला माहीत असतं की पैसे येणार नाहीत. म्हणून तरतूद कागदावर असली तरी ती पूर्ण वापरायला मिळत नाही. अमुक टक्क्यांच्या आतच कामं काढा, असं परिपत्रक निघतं. पूर्वगणनपत्रक (कामाच्या खर्चाचा अंदाज), प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, मुदतवाढ, पुन्हा निविदा. मध्ये पावसाळा, तेव्हा खोदाई बंद. मध्येच आचारसंहिता. कार्यादेश हातात पडेपर्यंत जानेवारी उजाडतो. सहा मीटर खोलीची ड्रेनेज लाइन, रात्रीची वाहतूक परवानगी, खाली वीज आणि गॅसच्या वाहिन्या... हे काम ३१ मार्चच्या आत होऊन बिल निघणं शक्यच नसतं. मग वर्ष संपताच ते पैसे लॅप्स होतील, वापरता येणार नाहीत, म्हणून वर्गीकरण होतं! एका लेखाशीर्षातली तरतूद काढायची आणि दुसऱ्यात टाकायची. कुठल्या? तर सहा आठवड्यांत होईल आणि डोळ्यांना दिसेल अशा कामाच्या. पेव्हर ब्लॉक, बाकडी, कमानी, नामफलक. पुण्यात नगरसेवकांच्या प्रभागातल्या कामांना 'स' यादी म्हणतात. असल्या यादीतलं किरकोळ काम घाईने होतं, पण जमिनीखालची वाहिनी वर्षानुवर्षं तशीच राहते.

बरं, निदान ब्लॉक तरी नीट बसवा! पायी चालण्याच्या फूटपाथसाठी साधारण ६० मिलिमीटर जाडीचा ब्लॉक चालतो. पण त्याच्या खाली मुरूम-खडीचा थर थराथराने दाबून घ्यावा लागतो. वर ३० मिलिमीटरच्या आसपास वाळूची एकसारखी गादी, दोन्ही कडांना पक्के कर्ब (काठाचे दगड), सांध्यांत बारीक वाळू आणि शेवटी प्लेट कॉम्पॅक्टर. मार्चच्या घाईत काय होतं? उखडलेल्या जुन्या ब्लॉकचा राडारोडा तिथेच पसरतात, त्यावर ग्रिट (बारीक खडी) टाकतात आणि ब्लॉक मांडून मोकळे होतात. कडेला कर्ब नाही म्हणून ब्लॉक बाहेर सरकतात, सांधे उघडे म्हणून पाणी आत जातं आणि खालची वाळू वाहून जाते. जूनच्या पहिल्या दोन मोठ्या पावसांत फूटपाथ जागोजागी खचतो. चेंबरचं झाकण कुठे चार बोटं वर, कुठे चार बोटं खाली. म्हातारी माणसं पडतात, हाडं मोडतात. मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे बिलासाठी कामाची मापं लिहितात त्या वहीत, मात्र सगळे थर पूर्ण जाडीचे लिहिलेले असतात. वर ब्लॉक बसवल्यावर खालचे थर मोजणार कोण?

निविदा पंचवीस-तीस टक्के कमी दराने भरलेली असेल, तर ते पैसे कुठून निघाले हे त्या न दिसणाऱ्या थरांना विचारा. दोषदायित्व कालावधी निविदेत लिहिलेला असतो. त्या मुदतीत ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करायची असते. पण पुढच्या वर्षी तिथेच ड्रेनेजचं काम मंजूर होतं, ब्लॉक उखडले जातात आणि दोषदायित्व संपतं. खोदलं दुसऱ्याने, मग जबाबदार कोण? कुणीच नाही!

हाच खेळ शहर नूतनीकरणाच्या नावाखाली मोठ्या आकड्यांत चालतो. पुनर्विकासाला कुणाचा विरोध नाही. जुनी इमारत पडायला आली असेल तर ती पाडून नवी उभी राहिलीच पाहिजे. पण साधा गुणाकार करा. २४ घरांच्या जागी ८० घरं आली. घरटी पाच माणसं आणि माणशी रोजचं १३५ लिटर पाणी हे नेहमीचं मोजमाप धरलं, तर १६,२०० लिटरवरून गरज गेली ५४,००० लिटरवर. त्यातलं सुमारे ८० टक्के सांडपाणी होतं. गल्लीत अशा दहा इमारती झाल्या तर १ लाख ३० हजारांच्या जागी ४ लाख ३२ हजार लिटर सांडपाणी रोज त्याच जुन्या वाहिनीत. वाहिनी तुंबणार नाही तर काय होणार? या इमारतींकडून महापालिका विकास शुल्क घेते, प्रीमियम एफएसआयचे, म्हणजे जादा बांधकामाच्या परवानगीचे, पैसे घेते. पण ते त्याच गल्लीच्या वाहिनीसाठी बाजूला काढून ठेवत नाही. ते एकूण जमेत मिसळतात आणि फुगवलेल्या आकड्याचं भोक बुजवण्यात जातात.

विकास आराखड्याचं तेच. वीस वर्षांसाठी नकाशावर शाळा, बागा, दवाखाने, रस्ते यांची आरक्षणं टाकायची आणि भूसंपादनाला दरवर्षी चिमूटभर तरतूद करायची. १९६६ च्या नगररचना कायद्याचं कलम १२७ काय सांगतं? दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षणच जातं. लोकांना शाळेची जागा गेल्याचं कळतं ते तिथे बांधकामाचा पत्रा लागल्यावर. ती जागा कुठल्याही बिल्डरने चोरलेली नसते. पैसे न ठेवून महापालिकेने ती स्वतः सोडलेली असते!

२०१५ मध्ये स्मार्ट सिटी आली, महाराष्ट्रातली आठ शहरं निवडली गेली. केंद्राकडून शहरामागे ५०० कोटी, तेवढेच राज्य आणि महापालिकेकडून. त्यासाठी वेगळी कंपनी, आणि शहराच्या एका तुकड्यात भारी काम. मार्च २०२५ मध्ये अभियान संपलं. सेन्सर, कॅमेरे, सार्वजनिक सायकली, रंगवलेले चौक यांची पुढच्या दहा वर्षांची देखभाल कोणत्या लेखाशीर्षातून करायची, हे आधी ठरवायला नको होतं?

कायद्यात याचा क्रम स्पष्ट लिहिलेला आहे, म्हणूनच चीड येते. १९४९ च्या महापालिका अधिनियमात कलम ६३ मध्ये बंधनकारक कर्तव्यं आहेत : गटारं, पाणी, रस्ते, सफाई. ऐच्छिक कामं कलम ६६ मध्ये. आधी ६३, मग ६६. ड्रेनेजची अपुरी कामं दायित्व, म्हणजे आधीचं देणं, म्हणून पुढच्या वर्षात पहिल्या ओळीत घ्या, त्यांच्या तरतुदीतून वर्गीकरण बंद करा. निविदेच्या फाइलवर ड्रेनेज, पाणी आणि विद्युत या तीन विभागांच्या सह्या नसतील तर त्या रस्त्यावर एक ब्लॉकसुद्धा बसवू नका. बिल देण्याआधी दर पन्नास मीटरवर एक ब्लॉक उचलून खालचा थर मोजा आणि फोटो मोजमाप पुस्तिकेला लावा. यातल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही, दिल्लीची मंजुरी लागत नाही. फेब्रुवारीत जमेचा खरा आकडा लिहायची हिंमत लागते, आणि नेमकी तीच दरवर्षी कुणी दाखवत नाही.