स्ट्रॉ लावून पंचगंगा पिता येत नाही

पावसाळा सुरू झाला की आमच्या कोल्हापुरात पन्हाळा–पावनखिंड पायी मोहिमेच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. त्याचा मतलब असा: पाण्याच्या बाटल्या वाहू नका, एक स्ट्रॉ फिल्टर घ्या. ९९.९९९९ टक्के जंतू मरतात. ओढा, डबकं, रंकाळा तलाव, पंचगंगा नदी, कुठलंही पाणी थेट ओढून प्या. टीडीएस मीटरनं तपासलंय. गढूळ असलं तरी चालतं, उकळायला नको, औषध नको. आपले आजोबा धोतरानं गाळून पीत होते, हा त्याचाच नवा अवतार. एकदा घेतला की आयुष्यभर. आमची अख्खी टीम प्यायली, कुणाला काही झालं नाही.

फिल्टर वाईट नाही. माझ्या सॅकमध्येही असतो, आणि मोहिमेनंतर वाटेवर पडलेला बाटल्यांचा खच बघितला की तो प्रत्येकाकडं असावा असंच वाटतं. पण या मेसेजच्या भरवशावर कुणी पाणी पिणार असेल, तर एकेक वाक्य तपासायला हवं.

‘९९.९९९९ टक्के जंतू मरतात.’ मरत काहीच नाही, अडकतं. स्ट्रॉच्या आत पोकळ धाग्यांचा जुडगा असतो आणि धाग्यांच्या भिंतींना ०.१ किंवा ०.२ मायक्रॉनची छिद्रं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). टायफॉईड, कॉलऱ्याचे बॅक्टेरिया त्याहून मोठे, जुलाब करणारे जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियम हे परजीवी तर कितीतरी मोठे. ते बाहेरच राहतात. पण ९९.९९९९ हा आकडा बॅक्टेरियांपुरताच आहे. व्हायरसचं काय, ते खोक्यावर शोधा. बहुतेक स्ट्रॉंच्या खोक्यावर त्याबद्दल अवाक्षर नसतं. काविळीचा हिपॅटायटिस ई व्हायरस साधारण ०.०३ मायक्रॉनचा. ०.१ च्या छिद्रातून तो सहज पार होतो.

आपल्या जिल्ह्यात ही पुस्तकातली भीती नाही. २०१२ च्या उन्हाळ्यात पंचगंगेकाठच्या इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, माणसं दगावली. ती हिपॅटायटिस ईची होती. सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं की पसरणारा हा आजार. गरोदर बाईला, त्यातही शेवटच्या तीन महिन्यांत, तो जिवावर बेतू शकतो. आणि मेसेजवाला पंचगंगेला स्ट्रॉ लावायला सांगतोय!

व्हायरसही अडवणारे फिल्टर मिळतात, ०.०२ मायक्रॉनचे. महाग असतात आणि पाणी हळू सोडतात. त्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे आधी साध्या फिल्टरनं गाळा, मग क्लोरीन. आरोग्य खात्याकडून मिळणारं मेडिक्लोर हे क्लोरीनचं द्रावण असो की मेडिकलमधल्या गोळ्या, बाटलीवर लिहिलेलं प्रमाण घ्यायचं आणि अर्धा तास थांबायचं. क्रम उलटा करू नका, कारण पाण्यातला गाळच क्लोरीन खाऊन टाकतो. नुसतं क्लोरीनही पुरत नाही, क्रिप्टोस्पोरिडियम त्याला दाद देत नाही. म्हणून ही जोडी. स्टोव्ह सोबत असेल तर पाणी एक मिनिट खळखळून उकळलं तरी हे सगळेच जंतू मरतात. पन्हाळ्याच्या उंचीवर पाणी शंभर अंशांच्या दोन-तीन अंश आधीच उकळतं, त्यानं फरक पडत नाही.

‘टीडीएस मीटरनं तपासलंय.’ घरोघरी आरओ आल्यापासून या मीटरवर लोकांची भलती श्रद्धा बसली आहे. मीटर मोजतो पाण्यात विरघळलेले क्षार. जंतू त्याला दिसतच नाहीत. पावसाळ्यात पठारावरनं उतरणारं पाणी मुळातच कमी क्षारांचं असतं, मग आकडा छान येणारच. त्या ओढ्यात वरच्या अंगाला म्हसरं बसलेली असली तरी. शिवाय स्ट्रॉ विरघळलेलं काहीच काढत नाही, त्यामुळं गाळण्याआधी आणि नंतर आकडा जवळपास तोच राहतो. हा पुरावा नेमका कशाचा, हे पाठवणाऱ्यालाच विचारा.

‘रंकाळासुद्धा.’ विरघळलेलं निघत नाही म्हटल्यावर याचं उत्तर आलंच. शेतातलं खत, फवारणीचं औषध, कारखान्याचं पाणी, सगळं स्ट्रॉमधून पार होतं. उन्हाळ्यात हिरव्या पडलेल्या तळ्यातलं शेवाळ विष सोडणाऱ्या जातीचं असेल, तर ते विषही पाण्यात विरघळतं, आणि ते उकळूनही जात नाही. काही स्ट्रॉंमध्ये चिमूटभर कोळसा असतो. वास कमी होतो, त्यापलीकडं फार भरवसा ठेवू नये. मोहिमेच्या वाटेवर भातखाचरांच्या आणि वस्तीच्या वरच्या अंगाचं, वाहतं पाणी घ्यावं. करपेवाडीच्या आसपास तहान लागली तर गावात विचारावं, लोक प्यायचं पाणी दाखवतात.

‘आजोबांचं धोतर.’ धोतराला कमी लेखायचं कारण नाही. पिण्याच्या पाण्यातून अंगात शिरणारा नारूचा जंत आपल्या देशातून गेला त्यात कापडानं पाणी गाळण्याचा मोठा वाटा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २००० साली भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. पण नारूची अळी पाण्यातल्या ज्या बारीक किड्याच्या, पाणपिसवेच्या, पोटात असते, ती डोळ्यांना दिसण्याएवढी मोठी. टायफॉईडचा जंतू कापडातून बिनधास्त जातो. आजोबांच्या काळात पटकीनं, म्हणजे कॉलऱ्यानं, गावंच्या गावं ओस पडत, हे मेसेजमध्ये कुणी लिहीत नाही.

‘गढूळ चालतं.’ चालतं, थोडा वेळ. जुलैत ओढे जांभ्याच्या मातीनं लाल होऊन वाहतात. ते पाणी थेट ओढलंत की छिद्रं बुजतात आणि गाल दुखेस्तोवर ओढूनही घोटभर येतं. पाणी भांड्यात निवळू द्या, हवं तर तुरटी फिरवा, वरचं फडक्यातनं गाळून घ्या आणि मग फिल्टरला द्या.

‘आयुष्यभर.’ कंपन्या हजारो लिटरचा हिशेब देतात, तो स्वच्छ पाण्याचा आणि नीट निगा राखली तरचा. दगडावर आपटून आतला धागा तुटला तर बाहेरनं कळत नाही. घरी आल्यावर ओला तसाच कपाटात टाकला तर आत बुरशी धरते. क्लोरीनचं पाणी आतून फिरवून पूर्ण वाळवायचा, पावसाळ्यात त्याला कितीही दिवस लागोत.

‘कुणाला काही झालं नाही.’ कधी विचारलं? हिपॅटायटिस ई अंगात गेल्यावर लक्षणं दिसायला दोन ते दहा आठवडे लागतात, जिआर्डियाला आठवडा-दोन आठवडे. मोहिमेचे फोटो टाकून होतात, तोवर काहीच झालेलं नसतं. पुढं कावीळ झाली तर दोष गाडीवरच्या भेळेला जातो.

राहिलं ‘बाटल्या वाहू नका’. स्ट्रॉनं पाणी सोबत नेता येत नाही. ओढ्याशी पालथं पडायचं, प्यायचं आणि पुढच्या ओढ्यापर्यंत कोरडं चालायचं. त्यापेक्षा दाबून पाणी काढायची पिशवी असलेला फिल्टर घ्यावा, म्हणजे बाटलीत गाळून वर क्लोरीनही टाकता येतं. आणि एप्रिल-मे महिन्यात मसाई पठारावर जाणार असाल, तर जांभ्याच्या सड्यावर गाळायलाच पाणी नसतं. तेव्हा पन्हाळ्यावरच बाटल्या भरून निघायचं.