‘लिलावगृहाचे माहितीपत्रक’ म्हणणाऱ्या वाचकास

चीनमधील समकालीन चित्रकारांवरच्या माझ्या लेखाबद्दल आपण लिहिले आहे की, “ज्याची चित्रे कोट्यवधींना जातात, त्याच्या स्वातंत्र्याच्या गप्पा लिलावगृहाने माराव्यात, आपण त्यांचे माहितीपत्रक मराठीत उतरवले आहे.” खाली सही ‘एक कलाप्रेमी’. मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु नाव झाकून दुसऱ्याच्या प्रामाणिकपणावर शिंतोडे उडवणे कोणत्या कलाप्रेमात बसते, ते कळले नाही.

लेखात किमतींचे आकडे अंमळ जास्त झाले, हे मान्य. युए मिनजुन यांचे हसरे चेहरे पुढे पुढे एकसुरी वाटू लागतात, हेही मान्य. पण माहितीपत्रक?

झांग श्याओगांग यांचे ‘फॉरेव्हर लास्टिंग लव्ह’ हे तीन फलकांचे चित्र १९८८ सालचे आहे. त्या काळी चीनमध्ये अशा चित्रांना बाजार असा नव्हताच. एप्रिल २०११ मध्ये हाँगकाँगला सदबीजच्या लिलावात ते सुमारे ७.९ कोटी हाँगकाँग डॉलरला गेले. विकणारे होते बेल्जियमचे संग्राहक गी उलेन्स, झांग नव्हेत. झेंग फानझी यांचे २००१ मधले ‘द लास्ट सपर’ २०१३ साली १८ कोटी हाँगकाँग डॉलरच्या वर गेले, तेही उलेन्स यांच्याच संग्रहातून. म्हणजे तेवीस वर्षांनी दुसऱ्याने केलेल्या सौद्याची शिक्षा आपण चित्र काढणाऱ्याला ठोठावणार आणि त्याला निःस्पृह समीक्षा म्हणणार!

हे मी ऐकीव सांगत नाही. मुंबईतल्या एका गॅलरीत मी बरीच वर्षे आल्यागेल्या चित्रांची नोंदवही सांभाळली आहे. पुन्हा विक्रीला आलेल्या एका कॅनव्हासच्या पाठीला मागच्या मालकांच्या चिठ्ठ्या एकावर एक डकवलेल्या होत्या, सर्वांत खालची पिवळी पडून निम्मी फाटलेली. आणि पहिल्या विक्रीनंतर त्या चित्रकाराच्या हाती छदामही आला नव्हता. आपण चित्राची पाठ कधी पाहिली आहे का? नसेल, तर बाजाराबद्दल इतक्या ठामपणे बोलण्याची घाई कशाला?

स्वातंत्र्याची किंमत या कलाकारांनी चुकवली ती लिलावाच्या दालनात नव्हे. फेब्रुवारी १९८९ मध्ये बीजिंगच्या राष्ट्रीय कलादालनात कलाकार श्याओ लू यांनी तिथे मांडलेल्या स्वतःच्याच मांडणीवर (इन्स्टॉलेशनवर) गोळ्या झाडल्या आणि काही तासांत प्रदर्शनाला टाळे लागले. सरकारवर टीका करणारे कलाकार आय वेईवेई यांचे नाव जगभर गाजत होते, लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात त्यांच्या चिनीमातीच्या सूर्यफुलाच्या बिया पसरलेल्या होत्या, तरी एप्रिल २०११ मध्ये चीनमध्ये त्यांना उचलून ८१ दिवस डांबले गेले आणि पारपत्र परत मिळायला २०१५ उजाडले. बाजारभाव इतका सर्वशक्तिमान असता तर तो तिथे कामी यायला हवा होता. आणि बीजिंगचे कलाकार गू देशिन? २००९ मध्ये त्यांनी कलाजगताला रामराम ठोकला. त्यांना आपण कोणत्या माहितीपत्रकात बसवणार?

पाश्चात्त्य गिऱ्हाईक खूश व्हावे म्हणून माओ रंगवला गेला, हा आपला उरलेला आक्षेप चिनी समीक्षकांनीच कितीतरी आधी आणि आपल्यापेक्षा नेमकेपणाने मांडला आहे; त्यात मी शिरत नाही. भारतीय चित्रकारांशी तुलना का केली नाही, अशी विचारणा आहे. तो माझ्या लेखाचा विषय नव्हता. आपण त्यावर लिहावे, मी वाचेन. फक्त खाली नाव घालावे.