पहिली ट्रॉली कुणाची?

मोठा अपघात झाला की सगळे विचारतात, हॉस्पिटलात खाटा किती? कॅज्युअल्टीत इतकी वर्षं काढल्यावर मला विचारावंसं वाटतं, दारात कोण उभं आहे?

कारण सगळ्यात आधी पोचतात ते चालू शकणारे. खरचटलेले, मनगट मोडलेले, घाबरलेले. मिळेल त्या गाडीत बसून येतात, त्यांचं काहीच चुकत नाही. आपण त्यांना दिसेल त्या ट्रॉलीवर झोपवतो. मग ॲम्ब्युलन्समधून पोटात रक्तस्राव झालेला माणूस येतो, तेव्हा एकही ट्रॉली रिकामी नसते. एका रात्री आमच्याकडे हेच झालं. एका बाईंना जमिनीवरच सलाईन लावावं लागलं. मी गुडघे टेकून शीर शोधत होते आणि शेजारच्या ट्रॉलीवर बोटाला पट्टी बांधलेला मुलगा बसला होता. तो आपणहून उतरला. त्याला उतरवणं आमचं काम होतं.

ट्रायेज ते यासाठीच. दारात एक अनुभवी माणूस, ज्याने उपचारात अडकायचं नाही, फक्त वर्गवारी करायची. 'ज्यांना चालता येतंय त्यांनी तिकडे जा' ही पहिली हाक. मग श्वास मिनिटाला 30 च्या वर आहे का, मनगटाला नाडी लागते का, सांगितलेलं कळतं का. एका पेशंटला मिनिटभरही नाही. मग पट्टी: लाल म्हणजे आत्ता लगेच, पिवळी म्हणजे थोडं थांबू शकेल, हिरवी म्हणजे किरकोळ, काळी म्हणजे गेलेला किंवा वाचण्याची आशा नसलेला. काळी बांधताना हात थांबतोच. आयुष्यभर जीव वाचवायला शिकलेल्या माणसाला ते आयत्या वेळी जमत नाही.

2013 च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या स्फोटांत 260 हून अधिक लोक जखमी झाले. तिघं गेले, पण हॉस्पिटलपर्यंत जिवंत पोचलेला एकही जखमी दगावला नाही. शिफ्ट बदलायची वेळ होती म्हणून दोन्ही पाळ्यांची माणसं हाताशी होती, मोठी ट्रॉमा सेंटर्स जवळ होती, हे खरं. पण तिथे आधीपासून सराव झालेला होता आणि जखमी एकाच दारात न लोटता वाटून दिले गेले.

आपलं मॉक ड्रिल होतं सकाळी अकराला, सर्क्युलर काढून. रात्री दोनला करून बघा, दोन सिस्टर आणि एक रेसिडेंट डॉक्टर असताना. ऑपरेशन थिएटरची चावी कुणाकडे? गट माहीत नसतानाही देता येणारं ओ निगेटिव्ह रक्त ब्लड बँकेत किती? बेशुद्ध माणसाचं नाव कळत नाही म्हणून केसपेपर अडतो आणि केसपेपर नाही म्हणून रक्त अडतं. आधीच नंबर घातलेले पन्नास केसपेपर आणि तेच नंबर लिहिलेल्या मनगटपट्ट्या एका पिशवीत तयार ठेवायला काय लागतं?

आमच्या कपाटात ती पिशवी आता आहे, नंबर मीच घातलेत. रात्रपाळीच्या सगळ्यांना ती कुठे आहे हे माहीत आहे का, ते उद्या रात्री जाऊन विचारणार आहे.