सही मीही केली होती

लेखात मोबाइल होम पार्कला (म्हणजे कारखान्यात बनवून आणलेल्या स्वस्त घरांच्या वसाहतीला) विरोध करणाऱ्या शेजाऱ्यांना सरसकट श्रीमंत आणि आडमुठे ठरवलंय, ते काही पटलं नाही. आम्ही अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनात राहतो. आमच्या वसाहतीमागच्या शेतजमिनीवर असं पार्क करता यावं म्हणून तिचं झोनिंग (जमीन कशासाठी वापरायची याचा नियम) बदलायचा अर्ज आला, तेव्हा विरोधाच्या कागदावर मीही सही केली होती. डोक्यावर घराचं कर्ज असलं की माणूस आधी घराच्या किमतीचाच विचार करतो, खोटं कशाला बोलू!

सुनावणीत प्रत्येकाला तीन मिनिटं. ट्रॅफिक, सांडपाणी, शाळेतली गर्दी... सगळ्यांचं तेच पालुपद. मग मुलांच्या शाळेत जेवण वाढणाऱ्या बाई उठल्या. हातात घडी घातलेला कागद होता, तो त्यांनी उघडलाच नाही. "रोज पाऊण तास गाडी चालवत येते. इथे मला परवडेल असं काही तुम्ही होऊच देत नाही," एवढं बोलून बसल्या.

आणि नावात ‘मोबाइल’ असलं तरी ही घरं एकदा ठेवली की सहसा हलत नाहीत. हलवायला हजारो डॉलर लागतात. घर स्वतःचं, खालची जमीन बहुधा भाड्याची. मालकाने भाडं वाढवलं तर जायचं कुठे? १९७६ पासून ती अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नियमांनुसार कारखान्यात बनतात, त्यामुळे ‘पत्र्याचे डबे’ म्हणणाऱ्यांनी (मीही म्हणायचो) एकदा आत जाऊन बघावं.

आमच्याकडचा अर्ज फेटाळला गेला. त्या जागेवर आता लोकांचं जास्तीचं सामान ठेवायची भाड्याची गोदामं आहेत. त्यांना मात्र कुणीच विरोध केला नाही.